तेरेझे गीझे : दोन आया आणि एक नटी



गेटसभांतून घसा फोडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी या व्यासपीठावर येऊन एका जर्मन नटीविषयी बोलावे हे जरा विपरीतच दिसते. आम्हांला जर्मन येत नाही. गीझेबाईंना रंगभूमीवर पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्या १९७५ साली वारल्या, तेव्हा आम्ही पहिलीच्या वर्गात पाटी गिरवीत होतो. त्यांनी केलेली नाटके वाचून, त्यांच्याविषयी इंग्रजीत जे हाती लागले ते चाळून आणि दोन-तीन चित्रपट पाहून जमवलेली ही शिदोरी आहे. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. या बाईंनी ब्रेख्त या एकाच नाटककाराच्या दोन आया उभ्या केल्या. पहिली आई सर्वस्व गमावते पण काही शिकत नाही. दुसरी उतारवयात मुळाक्षरे शिकते. या दोघींपैकी कोणत्या आईला सभेत पुढे बसवायचे, हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही बरीच वर्षे चुकीचे देत आलो.

तेरेझे गीझे यांचे मूळ आडनाव गिफ्ट. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो विष! नाटकात शिरल्यावर त्यांनी ते टाकून गीझे हे नाव घेतले. जन्म ६ मार्च १८९८ चा, म्युनिक शहरातला. घर एका ज्यू कापड-व्यापाऱ्याचे, आणि पाच भावंडांत या सर्वांत धाकट्या. रूप म्हणाल तर नायिकेचे नव्हे. अंग थोराड, चेहरा रुंद. अशा मुलीला नाटकात कोण घेणार, असे त्या काळच्या कोणीही म्हटले असते. पण त्यांनी खाजगी शिकवणी धरली, लहानसहान गावांच्या कंपन्यांतून पाच-सहा वर्षे वणवण केली, आणि १९२६ साली म्युनिकच्या 'काम्मरश्पीले' या नामांकित नाट्यगृहात त्यांना जागा मिळाली. तेथे ओटो फाल्केनबेर्ग यांच्या हाताखाली त्यांनी सात वर्षे काम केले. तरुणपणीच म्हाताऱ्या, खाष्ट, बिलंदर बायकांच्या भूमिका वाट्याला आल्या, आणि त्यांतच त्यांचे नाव झाले.

त्यांतली एक भूमिका येथे सांगितलीच पाहिजे. गेरहार्ट हाउप्टमान यांचे १८९३ सालचे 'बीबरपेल्झ' हे प्रहसन आहे. त्यात वोल्फबाई म्हणून एक धोबीण आहे. ती गावातली लाकडे पळवते, एका घरमालकाचा उंची फरकोट लांबवते. आणि प्रशियन अधिकारी साहेब राजद्रोही हुडकण्यात इतके गढलेले असतात की चोर समोर उभा असून त्यांना दिसत नाही. उलट तेच वोल्फबाईच्या प्रामाणिकपणाला भर कचेरीत शाबासकी देतात. ही धोबीण गीझेबाईंनी म्युनिकला केली आणि पुढे १९५१ साली बर्लिनला ब्रेख्त यांच्या कंपनीतही केली. कचेरीत ज्यांनी खेटे घातले आहेत त्यांना हे नाटक समजावून सांगावे लागत नाही.

आता १९३३ सालाकडे येऊ. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारीला, म्युनिकमध्ये 'फेफरम्यूले' म्हणजे 'मिरीदाणी' या नावाचा एक छोटा कार्यक्रम सुरू झाला. गाणी, नकला, छोटे प्रवेश, चिमटे असे त्याचे स्वरूप. चालवणारी मंडळी म्हणजे कादंबरीकार थोमास मान यांची कन्या एरिका, मुलगा क्लाउस, संगीतकार माग्नुस हेनिंग आणि आपल्या गीझेबाई. जागा होती 'बोंबोनिएर' नावाची एक लहान रंगशाळा, आणि ती 'होफब्रॉयहाउस' या प्रसिद्ध बिअरगृहाच्या शेजारी होती. त्याच बिअरगृहात १९२० साली हिटलरच्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला गेला होता. वाघाच्या गुहेला भिंत लावूनच ही मंडळी वाघाच्या नकला करू लागली! महिना पुरा होण्याच्या आत हिटलर चॅन्सेलर झाला, फेब्रुवारीअखेर राइशस्टागची इमारत जळाली आणि धरपकड सुरू झाली. मार्चमध्ये गीझेबाईंनी सरहद्द ओलांडली. वय पस्तीस, नाव ऐन भरात, आणि ज्या भाषेवर पोट चालायचे ती भाषा मागे राहिलेली. गवंडी परमुलखात गेला तर त्याच्या थापीला भाषांतर लागत नाही. नटीचे तसे नाही.

सप्टेंबर १९३३ च्या अखेरीस 'मिरीदाणी' झ्युरिकमध्ये पुन्हा उघडली. झ्युरिकमध्ये जर्मन समजते, एवढा तरी आधार होता. खेळांत हिटलरचे नाव कधी घेत नसत. परीकथा सांगायची, आणि ऐकणाऱ्याने काय ते ओळखायचे. गीझेबाई एका प्रवेशात साक्षात मूर्खपणाचे सोंग घेऊन येत आणि आपल्या जगभर पसरलेल्या राज्याचे गुणगान करीत. नोव्हेंबर १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नाझीधार्जिण्या टोळ्यांनी खेळात दंगल केली. त्यानंतर पोलीस बंदोबस्तात प्रयोग झाले, आणि पुढे परक्यांच्या राजकीय खेळांवर झ्युरिकमध्ये बंदीच आली. तरी हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग, चेकोस्लोवाकिया असे फिरत १९३६ पर्यंत या मंडळींनी हजाराहून अधिक प्रयोग केले. १९३७ च्या आरंभी न्यूयॉर्कला गेले, तेथे मात्र पाय घसरला. अमेरिकन प्रेक्षकांना या विनोदाची चव लागली नाही.

मध्यंतरी एक लग्न झाले. जर्मन पासपोर्टाचा भरवसा राहिला नव्हता. इंग्रज कवी ऑडेन यांनी एरिकाबाईंशी १९३५ साली केवळ त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळावे म्हणून लग्न केले होते. त्यांनीच पुढच्या वर्षी गीझेबाईंसाठी जॉन हॅम्प्सन या कादंबरीकाराला तयार केले. नवरा-नवरीचा परिचय जुजबी, संसार करण्याचा हेतू दोघांचाही नाही. लग्न लागले, पासपोर्ट हाती आला, आणि वधू आपल्या कामाला निघून गेली. आमच्या एका स्नेह्यांनी हे ऐकून 'हा तर विवाहसंस्थेचा अपमान' असे म्हटले. ज्या सरकारच्या शिक्क्यावर माणसाचे जगणे-मरणे ठरत होते, त्या सरकारला या दोघांनी शिक्क्यानेच उत्तर दिले, असे आम्ही मानतो. हॅम्प्सन यांचे उपकार या इतिहासात एका ओळीत उरकले जातात, म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतले.

१९३७ पासून गीझेबाई झ्युरिकच्या 'शाउश्पीलहाउस' नाट्यगृहात स्थिर झाल्या. १९३८ साली त्याचा जुना मालक सोडून गेला, तेव्हा एमिल ओप्रेख्त नावाच्या प्रकाशकाने पुढाकार घेऊन ती संस्था नव्याने उभी केली, आणि ओस्कार व्हेल्टरलीन संचालक झाले. नटसंचात जर्मनी-ऑस्ट्रियाहून पळून आलेल्यांची मोठी भरती होती. व्होल्फगांग लांगहोफ तर छळछावणीतून सुटून आलेला. गाव लहान, प्रेक्षक तेच ते, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी नवे नाटक लावावे लागे. संध्याकाळी एक नाटक करायचे आणि सकाळी पुढच्याची तालीम. युद्ध पेटल्यावर चहूकडे हिटलर आणि मध्ये हे बेट. जर्मन भाषेत हिटलरच्या मर्जीबाहेरचे नाटक नेटाने करणारे मोठे नाट्यगृह त्या वेळी युरोपात जवळजवळ हे एकच उरले होते.

तेथेच १९ एप्रिल १९४१ रोजी 'मदर करेज' हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले. ब्रेख्त यांनी ते १९३९ साली स्वीडनमध्ये लिहिले होते. प्रयोगाच्या दिवशी ते फिनलंडमध्ये होते. आपले नाटक पाहायला येण्याची सोय त्यांना नव्हती. दिग्दर्शक लेओपोल्ड लिंटबेर्ग, नेपथ्य टेओ ओटो यांचे, आणि करेज गीझेबाईंची.

कथा सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धातली आहे. आना फीरलिंग, उर्फ करेज, ही सैन्यामागून गाडी ओढत दारू, पट्टे, सदरे विकणारी बाई. तीन मुले. युद्धावर पोट भरायचे, पण युद्धाला मुले द्यायची नाहीत, असा तिचा हिशेब. धाकटा मुलगा पकडला जातो. लाच दिली तर सुटेल. गाडी गहाण टाकून पैसे येणार, पण सगळे दिले तर उद्या खायचे काय? म्हणून ती घासाघीस करते, आणि घासाघीस चालू असताना गोळ्यांचा आवाज येतो. मुलाचे प्रेत समोर आणतात, तेव्हा ओळख दिली तर आपणही सापडू, म्हणून ती 'हा माझा कोणी नव्हे' अशी मान हलवते. मोठा मुलगा जातो. मुकी मुलगी झोपलेल्या गावाला जागे करण्यासाठी छपरावर चढून नगारा बडवते आणि तीही मारली जाते. शेवटी म्हातारी एकटी गाडीला खांदा लावते आणि पलटणीमागून चालू लागते. धंदा तर केला पाहिजे!

झ्युरिकचे प्रेक्षक हेलावून गेले. वृत्तपत्रांनी गीझेबाईंची वाहवा केली, आणि या करेजमध्ये त्यांना निओबी दिसली. निओबी ही ग्रीक पुराणातली आई. तिची सगळी मुले देवांनी मारली आणि ती रडून रडून दगड झाली. ब्रेख्त यांच्या कानी हे गेले तेव्हा नटसंचाविषयी त्यांनी कृतज्ञताच दाखवली, पण टीकाकारांच्या या कौतुकाने ते अस्वस्थ झाले. प्रेक्षकांना एक दुर्दैवी माता दिसली. युद्धाची छोटी भागीदारीण दिसलीच नाही. त्यांनी नाटकात फेरफार केले. पहिल्या प्रवेशात आता ती पट्ट्याचे बक्कल विकण्यात गुंतते आणि तेवढ्यात मोठ्या मुलाला सैन्यात ओढून नेतात. जखमींना बांधायला सदरे फाडून द्यायची वेळ येते, तेव्हा आता ती देत नाही. तिच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात. जानेवारी १९४९ मध्ये बर्लिनला ब्रेख्त यांच्या पत्नी हेलेने वायगेल यांनी ही बदललेली करेज केली. गंमत अशी की बर्लिनचे प्रेक्षकही रडलेच.

येथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली एक तरुण कामगार गेला. प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. आम्ही गेटसभा बोलावली आणि त्याच्या आईला गावाहून आणून व्यासपीठावर बसवले. ती बोलली नाही, नुसती बसून होती. आम्ही बोललो, आणि फार चांगले बोललो. सगळे गेट रडत होते. झोळी फिरवली, ती भरली. आम्हांला वाटले, लढा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जाळीच्या मागणीवर सह्या घ्यायला गेलो, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मिळाल्या. लोकांचे रडून झाले होते; आपण काहीतरी केले असे समाधान घेऊन ते घरी गेले होते. संध्याकाळी म्हातारीला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा तिने विचारले, "भाऊ, ती जाळी बसवायला पैसे किती पडले असते?" आम्हांला आकडा सांगता आला नाही. आम्ही तो काढलाच नव्हता. सबंध सभेत विचारण्यासारखा प्रश्न तोच एक होता, आणि तो जिला आम्ही रडवण्यासाठी बसवली तिच्या मनात होता. 'मदर करेज' आमच्या वाचनात त्यानंतर आले. घासाघिशीच्या प्रवेशाशी आम्ही किती वेळ थांबलो होतो, ते सांगत नाही.

गीझेबाई १९४९ पासून म्युनिकच्या आपल्या जुन्या नाट्यगृहात पुन्हा काम करू लागल्या. तेथेच ऑक्टोबर १९५० मध्ये 'मदर करेज' लागले, आणि या वेळी दिग्दर्शनाला स्वतः ब्रेख्त उभे राहिले. त्यांनी बर्लिनच्या प्रयोगाची छायाचित्रांसह बारीक नोंदवही करून ठेवली होती. पुढच्यांनी त्या आराखड्यावरून नाटक बसवावे अशी त्यांची अपेक्षा. वायगेलबाईंच्या पावलांवर पाऊल ठेवून चालायचे, हे गीझेबाईंसारख्या नटीला जाचक झाले असेल असे वाटते. पण त्यांनी तो आराखडा घेतला आणि त्याच्या आत स्वतःची वेगळी करेज उभी केली. ब्रेख्त यांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. चांगला फिटर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून काम करतो आणि तरी हात त्याचा ओळखू येतो, तसे हे.

१९५६ च्या जानेवारीत झ्युरिकला ड्युरेनमाट यांचे 'म्हाताऱ्या बाईंची भेट' हे नाटक आले. तरुणपणी गावाने बदनाम करून हाकललेली क्लेअर अब्जाधीश होऊन परत येते. गावाला एक अब्ज देते म्हणते. अट एवढीच, की जिने पूर्वी तिला फसवले त्या इल नावाच्या दुकानदाराला ठार करा. गाव प्रथम संतापाने नकार देते. मग हळूहळू जो तो उधारीवर पिवळे नवे जोडे घेऊ लागतो. उधारी कशाच्या जोरावर, हे कोणी बोलत नाही. ही पहिली क्लेअर गीझेबाईंनी केली. त्यांना स्वतःला त्यांच्या गावाने घालवून दिले होते आणि त्या परत आल्या होत्या. त्या भूमिकेत त्यांच्या मनात काय होते ते त्यांनी सांगितले असते असेही नाही. १९७३ साली त्यांच्या मुलाखतींचे आत्मकथन निघाले, त्याचे नावच 'मला सांगण्यासारखे काही नाही' अशा अर्थाचे आहे. ड्युरेनमाट यांनी पुढे 'भौतिकशास्त्रज्ञ' हे १९६२ चे नाटक त्यांना अर्पण केले, आणि त्यातले वेड्यांच्या इस्पितळाच्या मुख्याचे पात्र पुरुषाचे होते ते त्यांच्यासाठी बाईचे केले.

आता दुसरी आई. गॉर्कीची 'आई' आपल्या कामगार चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरलेली आहे. तिच्यावरून ब्रेख्त यांनी केलेले नाटक १९३२ च्या जानेवारीत बर्लिनला प्रथम झाले, तेव्हा व्लासोवाबाई वायगेल यांनी केली होती. ऑक्टोबर १९७० मध्ये, म्हणजे म्युनिकच्या करेजनंतर नेमक्या वीस वर्षांनी, पश्चिम बर्लिनच्या 'शाउब्यूने' या नाट्यगृहात पेटर श्टाइन आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी आपल्या नव्या संसाराचा मुहूर्त याच नाटकाने केला. या नाट्यगृहात कोणते नाटक घ्यायचे यावर नटांनाच नव्हे, पडद्यामागच्या कामगारांनाही मत होते. सभा होत, इतिवृत्ते लिहिली जात. त्या सभा किती लांबत असतील, याची आम्हांला चांगली कल्पना आहे! या पोरांच्या मेळ्यात व्लासोवाबाई म्हणून बहात्तर वर्षांच्या गीझेबाई येऊन उभ्या राहिल्या.

व्लासोवाबाईचे पहिले दुःख मुलाच्या सूपाचे आहे. मजुरीतला एक कोपेक कापला गेला, आता सूप चांगले कसे करायचे? सूपाने तो प्रश्न सुटत नाही, हे तिला हळूहळू कळते. मुलाला धोका नको म्हणून पत्रके कारखान्यात आपणच नेते. खाण्याचे जिन्नस विकायला म्हणून आत शिरते आणि पत्रकांचेच वेष्टन करून देते. मग अक्षरओळखीचा प्रवेश येतो. मास्तर फळ्यावर फांदी, घरटे, मासा असे शब्द लिहितात. म्हातारी आणि कामगार म्हणतात, आम्हांला हे नको. 'कामगार', 'वर्गलढा' हे शब्द कसे लिहितात ते दाखवा. आम्ही स्वतः शाळा नववीत सोडली आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, किमान वेतनाच्या अधिसूचनांवर बोट फिरवून केले. त्यामुळे या प्रवेशाविषयी आमचे मत निःपक्षपाती नाही. मुलगा मारला जातो, म्हातारी थांबत नाही. महायुद्धात बायका देशासाठी तांब्याची भांडी द्यायला रांगेत उभ्या असतात. ही त्यांच्यात मिसळते आणि या तांब्याने लढाई आणखी किती लांबेल, याचा हिशेब शांतपणे मांडते.

सैन्यामागून गाडी ओढणारी बाई आणि तांब्याचा हिशेब मांडणारी बाई, दोघीही हिशेबीच. एकीचा हिशेब गाडीपुरता. गीझेबाईंनी दोन्ही एकाच अंगाने, एकाच थोराड चालीने केल्या असतील का, हे पाहायला आम्ही तेथे असायला हवे होतो. एवढे मात्र खरे, की त्यांच्या वेळी व्लासोवाबाई पाहून कोणी निओबीचे नाव काढलेले आमच्या वाचनात नाही.

चित्रपटांत त्यांची कामे बेताची. १९४५ च्या 'शेवटची संधी' या स्विस चित्रपटात आल्प्स ओलांडून येणाऱ्या निर्वासितांपैकी एक, १९५८ च्या 'मेडशेन इन युनिफॉर्म'मध्ये करडी मुख्याध्यापिका. पण एक सर्वांनी पाहावा असा आहे : १९७४ चा 'लाकोंब ल्युसिएँ'. दिग्दर्शक लुई माल. कलकत्ता शहरावर १९६९ साली माहितीपट काढणारे तेच. जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये एक ज्यू शिंपी लपून राहतो आहे. गेस्टापोला मिळालेला एक अडाणी खेडवळ पोरगा त्याच्या घरात घुसतो, जेवायला बसतो, मुलीवर हक्क सांगतो. शिंप्याची म्हातारी आई म्हणजे गीझेबाई. त्या जवळजवळ बोलतच नाहीत. पत्ते मांडतात, पाहतात, पुन्हा पत्ते मांडतात. हसायलाही नाही, रडायलाही नाही. त्या पोराला त्या घरात कोणाची भीती वाटत असेल तर ती या म्हातारीची. माल यांनी आपला पुढचा 'ब्लॅक मून' हा चित्रपट त्यांच्या स्मृतीस वाहिला, कारण तो १९७५ साली लागला तेव्हा त्या नव्हत्या.

३ मार्च १९७५ रोजी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, त्या म्युनिकमध्ये वारल्या. १९८८ साली पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ते पाकिटांवर डकवून गावोगाव गेले असेल, म्युनिकलाही. त्यांना स्वतःला मात्र म्युनिकच्या मातीत ठेवलेले नाही. झ्युरिकला, फ्लुंटेर्नच्या दफनभूमीत नेले.